घेतलेला माळ परत करताना

होटगीच्या शिवारात जमीन दोन तऱ्हेची. ओढ्याकडंची काळी आणि वरचा माळ. काळीला सगळे मान देतात, कारण तिच्यात शाळू पिकतो. माळाला कोण विचारतंय? वर वीतभर माती, खाली मुरूम, मुरमाखाली मांजऱ्या खडक आणि त्याच्याही खाली काळा पाषाण. दख्खनचं पठार लाव्हा थिजून झालं, त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली असं म्हणतात. त्या पाषाणाचा वरचा थर ऊन-पाण्यानं कुजत कुजत मुरूम झाला. म्हणजे मुरूम ही अर्धी झालेली माती आहे. पण रस्त्याचं काम निघालं की तिचा ब्रासवर भाव होतो आणि माळाला अचानक गिऱ्हाईक येतं.

ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एक एकर जमीन पंधरा फूट खणली तर साडेसहा हजार ब्रास माल निघतो. हा हिशेब मी कागदावर केला तो आमच्या तात्यांच्या माळामुळं. तात्या माझे चुलत भाऊ, वयानं मोठे. त्यांचा माळ वर, माझी काळी खाली, मधी एक बांध आणि एक वगळ. पोरीच्या लग्नाच्या वर्षी त्यांनी दोन एकर माळ मुरमाला दिला. त्यात वावगं काही नव्हतं. माळावर वर्षाला चार पेंढ्या गवत निघायचं, आणि इथं रोख पैसे मिळत होते.

ठेकेदारानं सहा महिन्यांत माल उचलला. मागं राहिला तो दोन एकराचा खड्डा. वरच्या अंगाला पंधरा फुटांची उभी कड, खालच्या अंगाला चार-पाच फुटांची. वरची माती आणि चुनखडीचा नको असलेला माल त्यानं पूर्वेला ढीग करून टाकला होता. ढीग नेमका कुठं पडला, तर वगळीच्या तोंडावर. वगळ जिथून सुरू होते ती जागा बाहेरच्या माणसाला दिसतच नाही. तिथं पाणी नसतं, दगड नसतात, नुसती जमीन जराशी खोलगट असते. आठ-दहा दिवस झड लागली की तिथनं पाझर सुटतो. रिकामी जागा दिसली म्हणून ड्रायव्हरनं डंपर तिथं उलटा केला.

पहिल्याच पावसाळ्यात ढिगाचा गाळ बांधावर आला. गावातल्या चार माणसांनी बोलणी केली, तेव्हा ठेकेदारानं मशीन पाठवून ढीग नीट करून दिला. नीट म्हणजे कसा? तीन पायऱ्या, सारख्या उंचीच्या. पायऱ्यांचे काठ दोरी धरल्यासारखे सरळ. वरून खालपर्यंत एक सरळ गटार. लांबून बघितलं तर धरणाच्या भिंतीसारखं काम दिसायचं. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, झकास झालं.

१४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस सोलापूर जिल्ह्यात कोण विसरलेलं नाही. एक एकरावर एक इंच पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी होतं. त्या रात्री किती इंच पडला ते प्रत्येक गावाचं वेगळं, पण पाणी पायऱ्यांवर थांबलं हे नक्की. पायरी म्हणजे आडवी पन्हाळच की. तिला कुठंतरी जरा सखल जागा असतेच, आणि सगळं साठलेलं पाणी तिथनंच फुटतं. वरची फुटली, तिचं पाणी मधलीवर आलं. मधलीला स्वतःचंच जड झालं होतं, तीही फुटली. तिसऱ्या पायरीला दोघींचं मिळून पाणी. सकाळी मी गेलो तर ढिगात पुरुषभर खोल घळ पडलेली आणि सरळ गटार खडकापर्यंत खरवडून निघालेलं. माझ्या शाळूच्या पेरणीवर गुडघ्याएवढा पिवळा चिखल. वडलांनी हातानं घातलेला बांध कुठं होता ते शोधावं लागलं.

त्यानंतर दोन घरांचं बोलणं बंद झालं. भांडण झालं नाही, पण हळदीकुंकवाला जाणं-येणं थांबलं. खेड्यात तेवढं पुरतं.

मधल्या काळात माझं चंद्रपूरला जाणं झालं. भाची तिकडं दिलीय, जावई कोळशाच्या उघड्या खाणीत नोकरीला. बसमधून मला डोंगर दिसले. मी म्हणालो, इकडं डोंगर आहेत हे मला माहीत नव्हतं. जावई हसले. म्हणाले, "मामा, ते डोंगर नाहीत. कोळशावरची माती काढून रचलीय." आमच्या माळावरचा ढीग आणि तो डोंगर, जात एकच. फक्त आमचा माणसाएवढा आणि तो गावाएवढा. तिथंही पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या मधून घळी पडलेल्या होत्या.

दोन दिवस मी जावयांना तेच विचारत बसलो. सुटा माल वरून ओतला की तो आपोआप साधारण ३५ ते ३७ अंशांच्या उतारावर थांबतो. खाणींना परवानगी देताना ढिगाचा एकूण उतार २८ अंशांच्या वर नको अशी अट घालतात. पण २८ अंश म्हणजे ढीग ढासळू नये एवढ्यापुरतंच. पाणी त्याला खात राहणार नाही असं त्याचा अर्थ नव्हे. ढासळणं वेगळं आणि झिजणं वेगळं. पहिलं एका दिवसात होतं, दुसरं वीस वर्षं चालतं, आणि खालच्या माणसाचं वाटोळं दोन्हीनं होतं.

त्यांनीच मला अॅबरफानची हकीकत सांगितली. इंग्लंडला लागून वेल्स म्हणून मुलूख आहे, तिथलं हे खाणकामगारांचं गाव. कोळसा काढून उरलेला माल गावाच्या वर डोंगरावर रचला होता, आणि त्यातला एक ढीग झऱ्यावर रचलेला होता. २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी तो ढीग आतून भिजून सुटला आणि खाली शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ लेकरं. झारखंडच्या राजमहल खाणीत डिसेंबर २०१६ मध्ये ढीग कोसळून २३ कामगार गेले. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं वगळीचं तोंड होतं. आमचा ढीग लहान, त्याच्याखाली शाळा नाही. पण पाझरावर माती टाकणं, हे काम तेच.

अमेरिकेत १९७७ साली कायदा झाला की उघडी खाण संपली की जमिनीला साधारण पूर्वीचा आकार परत द्यायचा. कायदा चांगला, पण पुष्कळ ठिकाणी लोकांनी तो पायऱ्या आणि दगडी गटारं करून पाळला. मग न्यू मेक्सिको राज्यात निकोलस बुगोश नावाच्या माणसानं दुसरी रीत बसवली. आमच्यासारखाच कमी पावसाचा तो मुलूख. खाणीशेजारची न मोडलेली जमीन मोजायची. तिथं किती ओघळी आहेत, माथ्यापासून किती अंतरावर ओघळ सुरू होते, ती किती वळणं घेते, उतार कुठं जास्त आणि कुठं कमी, हे सगळं टिपून घ्यायचं आणि मोडलेल्या जमिनीला तसाच आकार द्यायचा. ला प्लाटा आणि सॅन वान या तिथल्या कोळशाच्या खाणींत त्यानं हे केलं. जावयांनी मोबाईलवर फोटो दाखवले. खाण कुठं होती ते ओळखू येत नव्हतं.

मला त्यातलं कॉम्प्युटरचं काही कळलं नाही. पण शेजारची जमीन मोजायला कॉम्प्युटर कशाला पाहिजे? गवंड्याची पाण्याची नळी आणि दोरी पुरे.

घरी आल्यावर मी तात्यांच्या राहिलेल्या माळावर गेलो. बोलणं बंद होतं, पण माळावर जायला बंदी नव्हती. नातवाला नळीचं दुसरं टोक धरायला लावलं. माथ्यावर शंभर फुटांत जमीन फक्त दोन फूट उतरत होती. मधल्या पोटात शंभर फुटांत आठ फूट. खाली वगळीजवळ पुन्हा तीन फुटांवर आली. म्हणजे माळाचा उतार सरळ नसतोच. माथा पालथ्या ताटलीसारखा आणि पायथा उताण्या ताटलीसारखा. साठ वर्षं मी तो माळ बघत होतो, पण नळी लावल्यावर तो दिसला.

कारण विचार करून बघा. माथ्यावर पाणी थोडं असतं, ओंजळभर. ते खाली येईल तसं वाढत जातं. पाणी वाढतं तिथं उतार कमी पाहिजे, नाहीतर ते जमीन खातं. माळानं हे हजारो वर्षं झिजून झिजून जमवलेलं असतं. आपण ढीग करतो तो वरपासून खालपर्यंत एकाच उताराचा. खाली पाणी दसपट झालेलं आणि उतार तेवढाच. मग पाणी स्वतःच पायथा खाऊन पाहिजे तसा आकार करून घेतं, आणि खाल्लेली माती माझ्या शाळूवर आणून टाकतं.

ओघळीही मोजल्या. माथ्यापासून साठ-पासष्ट पावलांवर पहिली ओघळ सुरू होत होती. चार एकरात पाच लहान ओघळी, त्या एका वगळीला मिळतात. कुठलीही एक ओघळ एकराहून जास्त पाणी वाहत नाही. वगळ सहा हात रुंद, आणि तिचं एक पुरतं वळण सत्तर हातांचं. जावयांना फोन केला तर म्हणाले, नद्यांचंही बहुतेक तेच प्रमाण असतं, रुंदीच्या दहा-बारा पट. सरळ गटार का टिकलं नाही हे त्या दिवशी कळलं. वळण पाण्याचा पळ मोडतं.

त्या मोजणीच्या वेळीच तात्या वर आले. बराच वेळ काठी टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "काय मोजायलास?"

मी म्हणालो, "तुमचा माळ. खड्डा नीट करायचा तर कसा करायचा ते बगायलोय."

"सपाट करून टाकू की. दोन एकर पेरायला येतंय."

मी त्यांना ब्रासचा हिशेब सांगितला. तेरा हजार ब्रास माल गेला. ढिगात फार तर अडीच हजार असेल. खणलेला माल सुटा झाला की फुगतो, त्यामुळं दिसतो जास्त, पण दाबला की बसतो. तेवढ्यात खड्डा भरत नाही. शहरातला बांधकामाचा कचरा आणून भरायचं कोणीतरी सुचवलं होतं, ते तात्यांनाही नको होतं. मग राहतं एकच, आहे तेवढ्या मालात आकार द्यायचा. पंधरा फुटांची उभी कड मोडायची तर तिला पाच फुटाला एक फूट असा उतार पाहिजे. निम्मा वरून कापायचा, निम्मा खाली भरायचा. वरून सदतीस-अडतीस फूट मागं जावं लागतं. कडेची लांबी दोनशे फूट. म्हणजे चांगल्या माळातले सात गुंठे आणखी मोडायचे.

तात्या गप्प झाले. दोन एकर गेलेल्या माणसाला आणखी सात गुंठे माग म्हणणं सोपं नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाले, "पोरं पोहायला येत्यात रे तितं. मला झोप लागत न्हाई पावसाळ्यात."

पाणी साठलेल्या उभ्या कडेच्या खाणीत पोरं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी पेपरात येतात. पोहता येणारंही बुडतं, कारण बाहेर यायला पाय टेकत नाही. सात गुंठ्यांचा निर्णय तात्यांनी त्या कारणानं घेतला, माझ्या शाळूसाठी नाही. मला त्याचं बरंच वाटलं.

काम मे २०२२ मध्ये केलं. निम्मे पैसे मी घातले. उपकार म्हणून नाही, खाली माझी काळी होती. पोकलेनचा ऑपरेटर इंडीकडचा पोरगा, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारा. त्याला पहिल्या दिवशी फार जड गेलं. वेडंवाकडं करायचं म्हटल्यावर तो म्हणाला, "आण्णा, असं केलो तर लोक मला काम येत न्हाई म्हणतील की." मी त्याला जुन्या माळावर नेलं आणि चालायला लावलं. पायाला जसं लागतंय तसं बकेटनं कर म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याहून चांगलं करायला लागला.

क्रम असा ठेवला. आधी वगळीचं तोंड मोकळं केलं. ढिगाचा सगळा माल तिथून उचलला आणि पाझराच्या जागी दगडांचा थर अंथरला. मग वरची काळपट माती जेवढी सापडली तेवढी बाजूला वेगळी ठेवली. मग कड मोडली. माथा गोल, पोट उभट, पायथा पसरट. त्या उतारात पाच ओघळींच्या जागा खोलगट करून ठेवल्या आणि दोन ओघळींच्या मधी पाठ ठेवली, उलट्या हातासारखी. खड्ड्याच्या तळाला सगळ्यात सखल जागी तळं ठेवलं, जास्तीत जास्त चार फूट खोल, काठ इतके उताराचे की शेळी चालत आत जाऊन चालत बाहेर येते. तळ्याचा सांडवा मुरमात न काढता खडकावर काढला आणि तिथून वगळीत सोडला. डंपरच्या चाकांनी तळाचा मुरूम सिमेंटसारखा झाला होता, त्यात पाणी मुरत नव्हतं. तो दात्यांनी फोडून घेतला. शेवटी माती पसरली, आणि ती मुद्दाम ओबडधोबड ठेवली. तुळतुळीत जमिनीवरून पाणी पळतं.

उत्तरेची वीस-पंचवीस फूट कड मात्र तशीच उभी ठेवली. तिच्यात वेड्या राघूंनी बिळं केली होती. खऱ्या माळालाही कुठं ना कुठं दरड असतेच. तिच्या माथ्यावर बोराटीची काटी लावली आणि पायथ्याशी पाणी येणार नाही असं बघितलं.

झाडं लावा म्हणून पुष्कळांनी सांगितलं. आम्ही गवत लावलं. माळ म्हणजे झाडं नसलेलं रान नव्हे, गवताचं रान. याच जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं ते अशाच गवतावर. आदल्या दिवाळीत राहिलेल्या माळावरचं पिकलेलं गवत कापून ठेवलं होतं, पवन्या, मारवेल, कुसळी, सगळं बियांसकट. तेच मिरगाच्या आधी उतारावर अंथरलं. वाळलेल्या काड्यांनी पहिल्या पावसाचा मार झेलला आणि खाली बी रुजलं. चार-दोन बोरी, हिवर, तरवड आपोआप आले.

पहिल्या पावसाळ्यात एका पाठीवर बोटभर चरे पडले. तिथं उतार जरा जास्त राहिला होता. दगड आडवे लावून गवत पुन्हा अंथरलं, दुसऱ्या वर्षी ते भरून आले. २०२३ ला पाऊसच कमी, गवत करपलं, पण मुळं धरून होती. आता बांधावर येतं ते पाणी गढूळ असतं, चिखल नसतो. धनगरांची मेंढरं पूर्वी त्या ढिगाला वळसा घालून जायची, आता सरळ माळावरून उतरून तळ्याला येतात. मेंढरू आडवं न घसरता जिथून चालतं, तो उतार बरोबर झाला असं मी धरतो.

दोन एकर पूर्वीसारखे झाले असं मी म्हणणार नाही. मुरूम गेला तो गेला, त्याला पुन्हा व्हायला लाखो वर्षं पाहिजेत. माळ चौदा फुटांनी खाली आला. पण त्याच्यावरनं पाणी कसं जायचं ते परत बसलं. जमिनीचा आकार म्हणजे शेवटी पाण्याची ठरलेली वाट. खड्डा बुजवला, झाडं लावली, कुंपण केलं, तरी ती वाट परत दिली नसेल तर जमीन परत दिली असं होत नाही.

सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की खाण संपल्यावर तिथं पुन्हा गवत उगवून द्यायची अट खाणपट्ट्यात घाला, म्हणजे जनावरांना चारा होईल. ते मोठ्या खाणींचं. आपल्या गावात मुरूम जातो तो तहसीलमध्ये ब्रासवर पैसे भरून. कागदावर किती ब्रास ते असतं. वगळीचं तोंड कुठंय ते कुठल्याच कागदावर नसतं. ते शेतकऱ्यालाच दाखवावं लागतं, आणि मशीन यायच्या आधी दाखवावं लागतं. वरची माती वेगळ्या जागी ठेवायची, ढीग पाण्याच्या वाटेवर टाकायचा नाही, कड किती उताराची सोडणार ते फुटात लिहून घ्यायचं. एवढं आधी केलं तर आम्हाला जे सेहेचाळीस तास मशीन लावावं लागलं, त्यातलं निम्मं लागलं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात आणखी एक जण माळ बघायला आला होता. तात्यांनी त्याला चहा पाजला. भाव विचारला नाही. त्याला घेऊन माळावर गेले, वगळीच्या तोंडाशी उभं केलं आणि काठीनं दाखवत म्हणाले, "हितनं पाणी निगतंय. हे ध्येनात ठेवून सांगा, कुटनं खणनार आनि माती कुटं टाकनार." तो माणूस इकडंतिकडं बघत राहिला. त्याला तिथं काहीच दिसत नव्हतं. मग तात्यांनी मला हाक मारली, नळी घेऊन ये म्हणून.